कूलंटच्या दाबाचे निदान न करताच सुटे भाग बदलून बिले लावल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (जड वाहने)

विषय : दहा चाकी ट्रकच्या कूलिंग सिस्टीममध्ये वारंवार चढणारा दाब आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरने केलेले चुकीचे काम.

संदर्भ : सोबत जोडलेली जॉबकार्डे व बिले. वाहन व चेसिस क्रमांक त्यांवर नमूद आहेत.

महोदय,

आपल्या कंपनीचा बीएस-6 श्रेणीचा दहा चाकी ट्रक मी कर्जावर घेतला असून तो मी स्वतः चालवतो. कराड परिसरातून साखर भरून न्हावा शेवा बंदरावर उतरवणे आणि परतीला मिळेल ते भाडे घेऊन येणे, हा माझा नेहमीचा धंदा आहे. गाडी अद्याप वॉरंटीत आहे. असे असूनही कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) बाहेर फेकण्याच्या एकाच तक्रारीसाठी आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने आधी कूलंट टाकीचे झाकण, मग थर्मोस्टॅट, त्यानंतर वॉटर पंप आणि शेवटी रेडिएटर असे भाग एकामागून एक बदलले. ओव्हरलोडचे कारण पुढे करून वॉरंटी नाकारली आणि प्रत्येक वेळी बिल माझ्याच हातात ठेवले. तक्रार आजही जशीच्या तशी आहे. एका अपुऱ्या चाचणीपलीकडे, मूळ दाब येतो कुठून, हे तपासल्याची एकही नोंद या जॉबकार्डांवर नाही आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

लक्षण नीट समजून घ्यावे, अशी विनंती आहे, कारण सर्व्हिस सेंटरने ते एकदाही पूर्ण ऐकून घेतले नाही. साखरेचा माल घेऊन जाताना खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीत येईपर्यंत कूलंट टाकीच्या झाकणातून पाणी बाहेर पडलेले असते, मात्र तोवर तापमानाचा काटा जागेवरून हललेलाही नसतो. गाडी तापते ती परतीच्या वाटेवर, खंबाटकीच्या चढाला. तोपर्यंत टाकीतली पातळी खाली गेलेली असते, इंजिनच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) हवा अडकून एअर लॉक झालेला असतो आणि पंपाला ढकलायला पुरेसे पाणीच उरलेले नसते. म्हणजे आधी पाणी जाते आणि मग गाडी तापते. सर्व्हिस सेंटरने क्रम उलटा धरला, गाडी तापते म्हणून पाणी उकळते असे ठरवले आणि त्याच समजुतीने रेडिएटरपर्यंत मजल मारली.

पाणी तापून फुगल्याने दाब वाढतो, हे मलाही मान्य आहे. त्यासाठीच तर टाकीचे झाकण दाब धरून ठेवते. माझ्या गाडीच्या झाकणावर एक बारचा आकडा आहे, आणि तेवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ग्लायकॉल मिसळलेले कूलंट तर त्याहूनही पुढे जाते. परंतु रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचे झाकण पहाटे एकदा उघडून आतला दाब सोडून दिला, ते पुन्हा घट्ट लावले आणि इंजिन सुरू केले, तर दोन-तीन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज पाइप बोटांनी दाबता येणार नाही इतका कडक होतो. त्या वेळी पाइप हाताला गारच लागतो. गार पाणी फुगत नाही. तेव्हा हा दाब उष्णतेचा नसून कुठून तरी आत शिरणाऱ्या हवेचा किंवा वायूचा आहे, एवढे त्या एका पाइपावरून कळते. त्यासाठी कोणतेही महाग यंत्र लागत नाही.

असा वायू आत शिरण्याच्या जागा मोजक्याच असतात : हेड गॅसकेट (हेडखालची सील), हेडला गेलेली चीर, इंजेक्टर स्लीव्ह (हेडमध्ये इंजेक्टरभोवतीची नळी), ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा जळालेला वायू थंड करणारा भाग) आणि ब्रेकची हवा भरणारा एअर कॉम्प्रेसर, कारण त्याचे हेडही याच कूलंटने थंड होते. आपल्या सर्व्हिस सेंटरने एकच चाचणी केली. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून रंग बदलतो का ते पाहिले, रंग बदलला नाही, आणि ‘वायूगळती नाही’ असा शेरा मारला. तो द्रव जळलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइड ओळखतो. कॉम्प्रेसरमधून येणारी हवा ही साधी, बाहेरचीच हवा असल्यामुळे ती कितीही शिरली तरी रंग बदलणार नाही. शिवाय डिझेल इंजिन नुसते आयडलवर (उभ्या जागी, भाराविना) असताना जळालेल्या वायूतही कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमीच असते. म्हणजे गळती नसल्याची खात्री या चाचणीतून मिळत नाही, आणि पुढचा सारा खर्च मात्र याच शेऱ्यावर झाला.

मला जे दिसले ते असे. इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून आणि चाकांना अडण लावून टाकीचे झाकण उघडे ठेवले आणि इंजिन सुरू केले. ब्रेकच्या हवेचा काटा वर चढत होता तोपर्यंत टाकीत बारीक बुडबुड्यांची माळ सारखी येत होती. हवा पूर्ण भरून एअर ड्रायरने (ब्रेकच्या हवेतला ओलावा काढणाऱ्या भागाने) फुस्स केले, कॉम्प्रेसरवरचा भार उतरला आणि काही सेकंदांत टाकीतले पाणी शांत झाले. त्यानंतर ब्रेकचे पायडल वारंवार दाबून हवा खाली आणली, कॉम्प्रेसर पुन्हा कामाला लागला, आणि बुडबुडे पुन्हा सुरू झाले. दोष हेड गॅसकेटचा असता तर बुडबुड्यांना ब्रेकच्या हवेशी काही देणेघेणे नसते. घाटाच्या उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक) लावल्यानेही एक्झॉस्टमधला दाब वाढतो आणि फुटक्या ईजीआर कूलरमधून वायू कूलंटमध्ये जाऊ शकतो, म्हणून केवळ उतारावरच्या लक्षणावर विसंबून न राहता हा प्रयोग मुद्दाम उभ्या गाडीवर केला. त्याचे चित्रीकरण सोबत देत आहे.

याहून गंभीर बाब पुढची आहे. इंजिन बंद केल्यावर कूलंटमध्ये साठलेला दाब कॉम्प्रेसरमधल्या त्याच गळतीतून उलट दिशेने वाट काढतो आणि कूलंट कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये उतरते. तिथून ते हवेच्या लाइनमध्ये जाते. अलीकडे हवेच्या टाकीचा ड्रेन ओढल्यावर नेहमीच्या पाण्याऐवजी बोटांना चिकटणारे, कूलंटच्याच रंगाचे पाणी येते. ड्रायरमधला ओलावा शोषणारा भरणा त्याने निकामी होतो आणि पुढे ब्रेकच्या व्हॉल्व्हांपर्यंत ते पोहोचले तर भरलेली गाडी घाटात थांबवण्याची जबाबदारी कोणाची, हे आपण लेखी कळवावे.

ओव्हरलोडच्या आरोपाबद्दल फार लिहीत नाही. त्या काळातल्या काट्याच्या पावत्या सोबत आहेत आणि आरसी बुकावरील वजनाशी त्या ताडून पाहता येतील. गाडीवर जास्त वजन असल्याने उभ्या, थंड इंजिनाच्या टाकीत बुडबुडे कसे येतील, याचा खुलासा वर्कशॉप मॅनेजरांना करता आला नाही.

माझी मागणी अशी आहे की, आपल्या तांत्रिक विभागाच्या अभियंत्याने माझ्या समक्ष तपासणी करावी. कॉम्प्रेसरला जाणाऱ्या कूलंटच्या दोन्ही नळ्या सोडवून इंजिनकडची तोंडे बंद करावीत, कॉम्प्रेसरकडची तोंडे पाण्याच्या बादलीत सोडावीत आणि इंजिन थोडा वेळ चालवावे. बुडबुडे बादलीत आले तर दोष कॉम्प्रेसरचा ठरतो. टाकीतच येत राहिले तर ईजीआर कूलर उतरवून, तोंडे बंद करून, गरम पाण्यात हवेच्या दाबाने तपासावा आणि मगच हेडला हात लावावा. निष्कर्ष काहीही निघो, तो जॉबकार्डावर सहीनिशी लिहून मिळावा. सदोष भाग वॉरंटीत बदलून मिळावा, एअर ड्रायर व हवेच्या लाइनींची सफाई त्यातच व्हावी आणि अनावश्यक बदललेल्या भागांची, मजुरीसह घेतलेली रक्कम परत मिळावी. गाडी वारंवार तापल्यामुळे हेडची सपाटी तपासणेही आवश्यक आहे. ते आता केले नाही, तर वॉरंटी संपल्यावर निघणारा दोष माझ्या माथी मारला जाईल, अशी मला रास्त भीती वाटते.

ही गाडी मी स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः चालवत असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी ग्राहक ठरतो, याची कृपया नोंद घ्यावी. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सेवेतील त्रुटीबाबत तक्रार दाखल करीन. जुना रेडिएटर व वॉटर पंप मी सर्व्हिस सेंटरमधून परत मागून घेतले असून ते तपासणीसाठी जपून ठेवले आहेत.

कळावे,

आपला,
ट्रकमालक व चालक,
कराड, जि. सातारा

सोबत : जॉबकार्डे व बिलांच्या प्रती, काट्याच्या पावत्या, चित्रीकरण, हवेच्या टाकीतून काढलेल्या पाण्याचा नमुना (मागणी केल्यास देण्यात येईल).