फोटोमागे नावं लिहा

मा. संपादक,
बडोद्यात मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की गाडी सयाजीरावांच्या 1906 च्या सक्तीच्या शिक्षणावर येऊन थांबते. ते रास्तच. पण फतेहगंजातल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या आमच्या मुलींच्या शाळेची आठवण सहसा कुणी काढत नाही. ती चालवणारा ख्रिस्ती सिस्टरांचा संघ क्लॉडिन थेवने यांनी 1818 मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला स्थापला, राज्यक्रांतीत दोन भाऊ गमावल्यावर. 1842 मध्ये त्यातल्या सिस्टर आग्र्याला पोचल्या.

आम्ही दांडिया बाजारच्या. घरी मराठी, रिक्षात गुजराती, वर्गात इंग्रजी. पांढऱ्या बुटांवरचा डाग खडू घासून झाकायचो. सिस्टर एकदाच खाली बघायच्या, बोलायच्या नाहीत (ते जास्त लागायचं). प्रार्थनेला मी मनातल्या मनात ‘शुभं करोति’ उरकून घ्यायची. थालीपिठाच्या बदल्यात थेपला मिळे, नाताळात गोव्याकडच्या मैत्रिणीच्या डब्यातले कुलकुल.

माजी विद्यार्थिनींनी वर्गाचे जुने फोटो रद्दीत जाण्याआधी त्यांच्या प्रती शाळेला द्याव्यात, मागे नावं लिहून. माझ्याकडच्या फोटोत दुसऱ्या रांगेतली, दोन वेण्यांची मुलगी कोण, हे मला आता आठवत नाही.

– एक माजी विद्यार्थिनी, वडोदरा