मदरबोर्ड बदलण्याआधी एक फाइल तपासावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लघुउद्योगात इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला जोडलेला जुना लिनक्स संगणक गेल्या महिन्यात वजने नोंदवेनासा झाला. देखभालीच्या तंत्रज्ञाने 'सिरियल पोर्ट (काट्याची केबल जोडायची जागा) गेला, मदरबोर्ड बदला' असे सांगितले आणि तसा बोर्ड आता मिळत नसल्याने सगळी यंत्रणाच मोडीत काढण्याची वेळ आली. मालक परिचयाचे असल्याने मी जाऊन पाहिले. संगणक सुरू होतानाच्या नोंदींत कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, पोर्ट व्यवस्थित सापडलेला दिसत होता. जागेवर नव्हती ती '/डेव्ह/टीटीवायएस०' ही त्या पोर्टची फाइल. हार्ड डिस्क बदलताना कोणीतरी नेहमीच्या फायली तेवढ्या नव्या डिस्कवर उतरवल्या होत्या आणि उपकरणांच्या फायली मागेच राहिल्या होत्या.

लिनक्ससह युनिक्सच्या घराण्यातील प्रणालींमध्ये उपकरणाशी बोलण्याचे दार म्हणजे '/डेव्ह' या फोल्डरमधील फाइल. तिच्यात मजकूर नसतो. ती कॅरेक्टर प्रकारची (पोर्टसारखी, माहिती ओघाने देणारी-घेणारी) की ब्लॉक प्रकारची (डिस्कसारखी, गठ्ठ्याने देणारी-घेणारी) एवढे आणि दोन क्रमांक असतात. मेजर क्रमांकावरून कर्नल ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, ओळखतो आणि मायनर क्रमांकावरून त्या ड्रायव्हरला नेमके उपकरण कळते. लिनक्समध्ये पहिल्या सिरियल पोर्टचे क्रमांक ४ आणि ६४ आहेत. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन 'एमकेनॉड /डेव्ह/टीटीवायएस० सी ४ ६४' ही उपकरण-फाइल तयार करणारी एक ओळ दिली, परवानग्या पूर्ववत केल्या आणि काट्यावरच्या पितळी बुशांचे वजन पडद्यावर उमटले.

हा उपाय सरसकट करू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत कर्नल आणि यूडेव्ह हा प्रोग्रॅम मिळून या फायली आपोआप तयार करतात. तिथे फाइल दिसत नसेल तर आधी ड्रायव्हर आणि केबल तपासावी, कारण हाताने केलेली फाइल संगणक पुन्हा सुरू होताच नाहीशी होते आणि ड्रायव्हरच नसेल तर ती उघडतही नाही. क्रमांक चुकल्यास माहिती भलत्याच उपकरणाकडे जाते, आणि ते उपकरण डिस्क असेल तर नुकसान भरून येत नाही. सर्वांत फसवी गोष्ट '/डेव्ह/नल'ची, म्हणजे नको असलेले संदेश फेकून देण्यासाठीच्या उपकरण-फाइलीची. ती चुकून पुसली गेली, तर रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅम त्याच नावाची साधी फाइल तयार करतो आणि फेकून द्यायचे संदेश तिच्यात साठत राहतात. फायली दाखवणाऱ्या 'एलएस -एल' या आज्ञेच्या यादीत तिची ओळ 'सी'ऐवजी आडव्या रेघेने सुरू झालेली दिसली, की ती काढून १ आणि ३ या क्रमांकांनी, सर्वांना वाचता-लिहिता येईल अशी नव्याने करावी लागते.

वागळे इस्टेट काय किंवा रबाळे-महापे काय, जुन्या संगणकांवर विसंबलेल्या छोट्या कारखानदाराला नवी यंत्रणा सहज परवडत नाही. म्हणून आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांपुढे एखादी उपकरण-फाइल मुद्दाम पुसलेला संगणक ठेवावा आणि बिघाड पोर्टात आहे, ड्रायव्हरमध्ये की केवळ फाइलीत, हे नोंदी वाचून त्यांच्याकडूनच शोधून घ्यावे, अशी माझी संबंधित प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त संगणक प्रणाली प्रशासक, नौपाडा, ठाणे