फियाटचा मागचा दिवा

नागपूर, रविवार

प्रिय सुध्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद. शेवटपर्यंत वाच, शेवटी तुझाच विषय आहे.

आज सकाळी वॉकर्स स्ट्रीटवर फिरणं कमी आणि भांडण जास्त झालं. एकानं मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. पुढे एक गाडी, मागे पोलिसांच्या पाच-सहा, शेवटी ती अडकली आणि गोळ्यांचा पाऊस. आमच्यात एक रिटायर्ड फौजदार आहेत. ते लगेच म्हणाले, "बरोबर केलं. पळणारी गाडी म्हणजे टनभर वजनाचं हत्यार." मी काळा कोटवाला, गप्प कसा बसणार? तर्री पोह्याच्या ठेल्यापर्यंत आवाज इतके चढले की पोहेवाल्यानं आम्हाला आधी देऊन मोकळं केलं.

साहेबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही बरं का. ते म्हणाले, "वकीलसाहेब, रात्री दोनला नाकाबंदीवर उभं राहून पाहा. समोरून लाइट येतात. पोरगं ब्रेक मारते का अंगावर घालते, हे कळायले एक क्षण असते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आताही नाही. अंगावर आलेल्या गाडीपासून जीव वाचवायला गोळी झाडणं हा स्वसंरक्षणाचा भाग झाला, तो हक्क तुला-मलाही आहे. पण साहेब त्यातच पळणाऱ्या गाडीचा हिशेब कालवत होते, आणि माझं भांडण तिथंच होतं.

अटकेचा आपला कायदा अगदी स्पष्ट आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ४३. अटक करताना लागेल ते बळ वापरा, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार यातून मिळत नाही. सिग्नल तोडून पळालेल्याला तर नाहीच नाही.

शिवाय ड्रायव्हर मेला म्हणून ब्रेक लागत नाही. ऐंशीच्या वेगातली गाडी मग कोणाच्याच ताब्यात नसते. न्यूयॉर्क पोलिसांनी १९७२ मध्येच नियम केला, की आतला माणूस गाडीशिवाय दुसऱ्या कशानं जीवावर उठला नसेल तर चालत्या गाडीवर गोळी झाडायची नाही. साहेब म्हणाले, "जाऊ द्या अन् मंग धरा म्हणता? तिथं नंबर टाकला का मालक सापडते. इथं नंबरप्लेटच खोटी!" मी चौकाचौकातल्या कॅमेऱ्यांचा विषय काढला, त्यांनी त्यातले बंद किती ते काढलं.

अमेरिकेतल्या कोर्टांचंही धड एक मत राहिलेलं नाही. मेम्फिसमध्ये १९७४ साली पंधरा वर्षांचा पोरगा घरफोडी करून कुंपण चढत असताना पोलिसानं त्याला मागून गोळी घातली. त्याच्याजवळ निघाले दहा डॉलर आणि एक पर्स. १९८५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, निव्वळ पळतो म्हणून मारता येणार नाही. मग २०१४ मध्ये त्याच कोर्टानं, तेही एकमतानं, पाठलागाच्या शेवटी झाडलेल्या पंधरा गोळ्या योग्य ठरवल्या. ड्रायव्हर मेला, शेजारी बसलेली बाई मेली. गाडी अडवली कशासाठी होती माहीत आहे? एक हेडलाइट बंद होता! पुढे वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर गेला हे खरं, पण त्या बाईच्या पायाखाली काही ॲक्सिलरेटर नव्हता. २०२५ मध्ये मात्र कोर्ट म्हणालं, गोळीच्या आधीचा तेवढा एक क्षण पाहून चालणार नाही, सगळं प्रकरण पाहा. मी हेच घसा फोडून सांगत होतो. तो शेवटचा क्षण आकाशातून पडत नाही, पाठलाग सुरू करणाराही त्याला घडवत असतो.

आणि आत कोण आहे हे तरी पक्कं ठाऊक असतं का? दिल्लीत ३१ मार्च १९९७ ला पोलिसांनी एका गाडीचा माग काढत कॅनॉट प्लेसला गोळ्या घातल्या. आत गुंड नव्हता, व्यापारी होते. दोघं गेले. दहा पोलिसांना जन्मठेप झाली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. हे सांगितल्यावर साहेब थोडा वेळ नुसते पोहे चिवडत राहिले.

मग, सुध्या, मी आपली गोष्ट सांगून टाकली. रागावू नको. तुझ्या बाबांची फियाट, वर्धा रोड, रात्रीचे अकरा, लायसन्स तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. हवालदारानं हात दाखवला आणि तू ॲक्सिलरेटर दाबलास. त्यानं फेकलेली लाठी मागच्या दिव्यावर बसली. त्याची बुलेट मोटारसायकल अजनीपर्यंत मागे होती आणि मी सीटखाली डोकं घालून रामरक्षा म्हणत होतो, तीही चुकीची.

साहेबांनी विचारलं, "थांबले काहून नाही?"

म्हटलं, "भीतीनं. पोलिसांच्या नाही, याच्या बापाच्या."

ते हसले नाहीत. म्हणाले, "त्याच्या कमरेला तवा पिस्तूल नसंन, म्हणून लाठी फेकली."

बाबा परवा बर्डीवर भेटले होते. काठी आली हातात, पण नजर तीच. दिवा गडग्याला लागून फुटला असंच त्यांना अजून वाटतं. दिवाळीत येशील तेव्हा सांगून टाक. मी सोबत येईन, पण दारातच उभा राहीन.

तुझा,
बंड्या