आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: जेनेटिक काउन्सेलिंगसाठी दापोलीहून मुंबई का गाठायची?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. माझी आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, तिची सख्खी बहीण स्तनाच्या. फेब्रुवारी २०२० मध्ये माझ्या ताईच्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा ती ३९ वर्षांची होती. मुंबईच्या डॉक्टरांनी घरातले आजार विचारले आणि म्हणाले, उपचार सुरू करूच, पण जेनेटिक काउन्सेलिंगही करून घ्या, म्हणजे हा आजार घराण्यातून उतरतोय का, याबद्दल तज्ज्ञाशी बोलून घ्या. एप्रिलची तारीख मिळाली. २४ मार्चला लॉकडाऊन जाहीर झाला. ताई उपचारांसाठी ई-पास काढून गाडीने जात-येत राहिली, पण काउन्सेलिंगची तारीख रद्द झाली ती झालीच.

दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला द्यायला डॉक्टरांना रीतसर वाट मिळाली. त्यानंतर आम्हालाही रुग्णालयातून फोन आला, व्हिडिओ कॉलवर बोलू म्हणून. तारीख जूनची होती. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले. कॉल झाला तो जुलैत.

आमच्या घरात रेंज नाही, म्हणून ताई आणि मी सड्यावरच्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. शाळा बंदच होती. समोर कातळावर पाऊस कोसळत होता. काउन्सेलर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "आजूबाजूला कोणी नाही ना? मोकळेपणाने बोलता येईल?" आमच्याकडे पडवीत बसून अंडाशयाबद्दल कोणती बाई बोलेल? तो प्रश्न ऐकून ताईचा चेहरा सैल झाला.

मग त्यांनी कागदावर आमची वंशावळ काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कॅन्सर झालेल्याचं चिन्ह काळं भरायचं, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. आईचा गोल काळा झाला, मावशीचा झाला. "आजीच्या बहिणी किती होत्या?" त्यांनी विचारलं. आम्हाला काही सांगता येईना. पण कॉलवर बडोद्याहून मामा होते. ते म्हणाले, "एक होती. चाळिशीत गेली. पोटात पाणी झालं होतं म्हणायचे." मॅडम थांबल्या. पोटात पाणी होणं हे अंडाशयाच्या कॅन्सरचंही लक्षण असतं, असं त्यांनी सावकाश समजावलं आणि त्या गोलात प्रश्नचिन्ह काढलं. महोदय, मुंबईच्या ओपीडीत आम्ही दोघी बहिणी बसलो असतो तर ते प्रश्नचिन्ह कागदावर आलंच नसतं. कोकणातलं घर आज दापोली, डोंबिवली, बडोदा असं पसरलेलं आहे. ते सगळं एका वेळी एकत्र आलं ते त्या कॉलवर.

ताईचं रक्त दापोलीतच घेतलं गेलं, कुरियरने मुंबईला पोचलं. बीआरसीए-१ या जनुकात बदल सापडला. या बदलाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. आईबापांपैकी एकात तो असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी. माझ्यातही तो निघाला. मॅडमशी आणखी दोनदा बोलल्यावर मी ३७ व्या वर्षी अंडाशय काढून घेतले. आज मी धडधाकट आहे, आणि त्यात त्या बाईंचा मोठा वाटा आहे.

त्या कॉलमध्ये सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. ताईचा रिपोर्ट सांगतानाच लाइन तुटली. "बदल सापडला आहे" एवढं ऐकू आलं आणि पुढची वीस मिनिटं फोन लागेना. ती वीस मिनिटं ताई भिंतीला टेकून गप्प बसली होती. अशी बातमी बाईला सड्यावर उभं राहून ऐकायला लागू नये.

आता माझ्या तक्रारीचं सांगते. माझी मामेबहीण गुहागर तालुक्यात दिली आहे. मामांमध्येही तोच बदल निघाला, म्हणजे तिलाही तपासणी हवी. २०२३ मध्ये तिने त्याच रुग्णालयात फोन केला, तर सांगितलं, ऑनलाइन बंद झालं, प्रत्यक्ष या. जाऊन-येऊन दोन दिवस मोडतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे गावात विचारतात, मुंबईला कशाला? कॅन्सरच्या दवाखान्यात गेली एवढं कळलं की घरातल्या मुलींच्या सोयरिकीत ते निघतं. ती गेली नाही. अजूनही गेलेली नाही.

फोनवर असा सल्ला नीट देता येत नाही असं कोणी आपल्याला सांगेल. अमेरिकेत याच विषयावर बीआरसीएच्या तपासणीसाठी आलेल्या बायकांचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवरचं काउन्सेलिंग समोरासमोरच्यापेक्षा उणं ठरलं नाही.

आपल्याकडे ई-संजीवनी आहे. गावातल्या आरोग्य केंद्रातून दूरच्या तज्ज्ञाशी बोलायची सोय तिच्यात आहेच. त्यात मराठी बोलणारे जेनेटिक काउन्सेलर आणा. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात, आणि कोकणातल्या इतर तालुक्यांतही, दार बंद करता येईल अशी एक खोली द्या. चांगलं इंटरनेट आणि रिपोर्ट ऐकताना शेजारी बसेल अशी एक सिस्टर, एवढं त्या खोलीत असू द्या. रक्त तिथेच घेतलं जावं. आणि ज्यांच्या घरात असे आजार आहेत त्यांची ही तपासणी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून व्हावी. आमच्या वेळी ताईच्या तपासणीचे पैसे आम्ही बागेच्या आंब्यावर उचल घेऊन भरले.

ताईची मुलगी तेव्हा १३ वर्षांची होती. मॅडम म्हणाल्या होत्या, तिची तपासणी आत्ता नको, १८ पूर्ण झाल्यावर तिला स्वतःला ठरवू दे. तिला १८ पूर्ण झाली आहेत. परवा तिने मला विचारलं, "मावशी, मी कोणाशी बोलू?"

आपली,
एका पेशंटची बहीण
ता. दापोली, जि. रत्नागिरी