लाकडाचा स्टोव्ह असलेल्यांनी वाचा: वेट इन्स्पेक्शन

मंडळी नमस्कार, ऑन्टॅरिओत घरी नाहीतर कॉटेजवर लाकडाचा स्टोव्ह असलेल्यांनी थंडीच्या आधी इन्शुरन्सचे कागद एकदा काढून बघा. नवीन घर घेताना किंवा पॉलिसी बदलताना कंपन्या बऱ्याचदा वेट (WETT) इन्स्पेक्शनचा, म्हणजे सर्टिफाइड माणसाकडून केलेल्या स्टोव्ह-चिमणीच्या तपासणीचा रिपोर्ट मागतात, आणि ऑक्टोबरात माणूस शोधायला गेलात तर सगळे बिझी, तेव्हा आत्ताच फोन करा. ज्याला बोलवाल त्याचं वेट सर्टिफिकेट चालू आहे ना ते विचारून घ्या, नुसता चिमणी साफ करणारा चालत नाही. आणि कंपनीला नक्की कुठल्या लेव्हलची तपासणी हवीये तेही आधीच विचारा, किती खोलात बघायचं त्याप्रमाणे लेव्हल 1, 2, 3 असतात, नाहीतर दोनदा पैसे जातात.

तो येण्याआधी स्टोव्हच्या मागचं सर्टिफिकेशनचं लेबल शोधून फोटो काढून ठेवा, बरंच काही त्याच्यावरच ठरतं. लेबल नसलेल्या जुन्या स्टोव्हला जळू शकणाऱ्या भिंतीपासून 48 इंच अंतर लागतं, एवढी जागा कुणाच्या बेसमेंटमध्ये असते हो! दाराच्या पुढे न जळणारी फरशी 18 इंच तरी हवी, आमच्याकडे नेमकी तीच कमी भरली. चिमणी छपरातून निघते तिथून 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा 2 फूट उंच.

आदल्या दिवशी स्टोव्ह पेटवू नका, गार असल्याशिवाय तो आत हात घालणार नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पण चालतोय ना बघा.

रिपोर्टची कॉपी जपून ठेवा, घर विकताना परत मागतात.