आधी शब्दाचं गाव विचार: माझ्या इतिहासाच्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

जाहीर कौतुक तुम्हाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण मराठी माध्यमातून जगाचा इतिहास वाचणारी कितीतरी मुलं आज नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये तिथेच अडलेली आहेत, जिथे मी अडले होते.

मी तुमच्याकडे आले तेव्हा स्पर्धा परीक्षेचं दुसरं वर्ष चालू होतं. साम्राज्यवाद, वसाहतवाद, फॅसिझम, शीतयुद्ध, अलिप्ततावाद या सगळ्यांच्या व्याख्या मला तोंडपाठ होत्या. क्लासच्या नोट्समध्ये प्रत्येक शब्दाखाली दोन ओळी होत्या, त्या मी घोकल्या होत्या. तुम्ही पहिल्याच रविवारी विचारलंत, "फॅसिझम शब्द आला कुठून?" मला सांगता येईना. तुम्ही स्वयंपाकघरातून खराट्याच्या दहा-बारा काड्या आणल्यात. एक काडी माझ्या हातात दिलीत, ती कट्‌कन मोडली. मग उरलेल्या काड्या दोऱ्याने करकचून बांधल्यात, मध्ये कोयती खोचलीत आणि म्हणालात, "आता मोड." प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यापुढे शिपाई अशीच जुडी घेऊन चालायचे. इटालियन भाषेत जुडीला ‘फॅशो’ म्हणतात. इटलीत मुसोलिनीने १९१९ साली मिलानमध्ये संघटना काढली ती याच नावाने, आणि १९२२च्या ऑक्टोबरात तो पंतप्रधान झालासुद्धा. "काडीला स्वतःचं मत नसतं, जुडीला असतं, आणि जुडी कोणाच्या हातात आहे ते बघायचं," हे तुमचं वाक्य मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. एवढं कळल्यावर व्याख्या पाठ करायची गरजच पडली नाही.

पण मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती जर्मनीच्या धड्यासाठी. सराव परीक्षेत मी लिहिलं होतं, ‘व्हर्सायच्या तहामुळे चलनवाढ झाली आणि चलनवाढीमुळे हिटलर सत्तेवर आला.’ तुम्ही त्या ‘आणि’वर लाल गोल काढलात. मग माझे वडील कुठे कामाला होते ते विचारलंत. नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये, मी म्हटलं. कागदाचा ताव न् ताव मोजला जातो तिथे, हे बाबांकडून लहानपणापासून ऐकलेलं. तुम्ही म्हणालात, "मग हे तुला माझ्याहून लवकर कळेल."

आणि खरंच कळलं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने लादलेली भरपाई थकली म्हणून १९२३च्या जानेवारीत फ्रान्स-बेल्जियमच्या फौजा जर्मनीतल्या रूरच्या कोळशाच्या पट्ट्यात शिरल्या. तिथल्या कामगारांनी काम बंद ठेवलं आणि त्यांचे पगार भागवायला जर्मन सरकार नोटा छापत सुटलं. नवी नोट तयार होईतो तिची किंमत उरायची नाही. म्हणून हजार मार्कांच्या छापून ठेवलेल्या नोटांवर लाल शाईत नवा आकडा उमटवला: शंभर कोटी मार्क. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. त्या रात्री मी बाबांना ही लाल शाईची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "छापणाऱ्याच्या हाताला काय वाटलं असेल!" आपल्या नाशिकची करन्सी नोट प्रेस सुरू झाली १९२८ साली, म्हणजे त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी.

पुढच्या रविवारी तुम्ही आकडे समोर ठेवलेत. रेंटनमार्क हे नवं चलन आलं आणि १९२३ संपायच्या आत चलनवाढ आटोक्यात आली. १९२८च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मतं किती? २.६ टक्के. जुलै १९३२मध्ये ३७.३ टक्के. मधे काय घडलं? १९२९ची महामंदी आणि साठ लाखांच्या घरात गेलेले बेकार. चलनवाढीत पैसा उदंड होता आणि त्याला मोल नव्हतं. मंदीत हाताला काम नव्हतं आणि पैसाही नव्हता. मी दोन वेगळ्या दुखण्यांना एकच नाव देत होते. चलनवाढीने मध्यमवर्गाची बचत गेली, विश्वास गेला, हे खरं; पण हिटलरला मतपेटीपाशी आणलं ते मंदीने. बाई, माझ्या मते त्या एका लाल गोलाने मला इतिहास शिकवला.

मराठीत आपली अडचण आणखी एक. म्युनिक कराराचं धोरण, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा देऊन हिटलरला शांत ठेवणं, एका पुस्तकात ‘तुष्टीकरण’, दुसऱ्यात ‘अनुनय’, तिसऱ्यात ‘लांगूलचालन’. मला वाटायचं, तीन धोरणं असावीत. तुम्ही सांगितलंत की तुष्टीकरण म्हटलं की आज मुलांच्या कानात प्रचारसभा घुमते, म्हणून तिथे अनुनय बरा. लांगूलचालन ही तर शिवी झाली. १९३८च्या सप्टेंबरात ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन म्युनिकहून परतला तेव्हा हे धोरण लोकांना शहाणपणाचं वाटत होतं. मार्च १९३९मध्ये जर्मन फौज चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरली आणि त्या शब्दाचं तोंड काळं झालं. शब्द निवडतानाच आपण निकाल देऊन बसतो, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

आणि राष्ट्रवाद शिकवायला तर तुम्ही मला पायीच नेलंत, तिळभांडेश्वर गल्लीत. इटलीचा क्रांतिकारक मॅझिनीने १८३१ साली ‘तरुण इटली’ ही संघटना काढली, तिचा आदर्श घेऊन इथल्या मित्रमेळ्याची, म्हणजे सावरकरांच्या क्रांतिकारी गटाची, १९०४मध्ये अभिनव भारत झाली. इटलीतला विचार आपल्या गोदाकाठच्या गल्लीत येऊन राहिला होता, आणि मी रोज तिथून जात होते!

परीक्षेचं पुढे जमलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण गेल्या जूनपासून मी माध्यमिक शाळेत शिकवते आहे आणि तुमची दोनशे पानी वही माझ्या टेबलावर असते. डाव्या पानावर शब्द. उजव्या पानावर तो कोणी, कधी, कोणाविरुद्ध वापरला ते. बाई, चाळीस वर्षांची ती मेहनत तुम्ही एका रविवारी पिशवीत घालून माझ्या हातात ठेवलीत आणि वर "पावसात भिजवू नकोस" एवढंच म्हणालात. फी विचारली तेव्हा रागावला होतात, म्हणून पुन्हा विचारत नाही. मनापासून आभार मानते, ते तेवढे ठेवून घ्या.

वहीची झेरॉक्स काढून झाली आहे. मूळ वही परत द्यायला येत्या रविवारी सकाळी येते. नववीच्या राज्यशास्त्रात शीतयुद्ध चालू आहे. एका मुलीने विचारलं, "मॅडम, ते संपलं असं कोणी ठरवलं?" मी बर्लिनची भिंत सांगितली, १९८९ची अमेरिका-सोव्हिएत नेत्यांची माल्टाची भेट सांगितली, १९९१चं सोव्हिएत विघटन सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. "पण कोणी म्हटलं का, की आता संपलं?" तो प्रश्न वहीबरोबर घेऊन येते आहे.

तुमची विद्यार्थिनी