सौदीशी करार हवा, पण तो सिनेटपुढे

महोदय,

तेलाची गरज सरली की अमेरिका-सौदी दोस्तीही सरेल, असा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो. मला तो पटत नाही. अमेरिका आज स्वतःच जगात सर्वाधिक तेल काढते, तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्याबरोबर व्हाइट हाउसमध्ये संरक्षण करार झालाच.

मी मिरजेचा, निवृत्त फिटर. १९९१ च्या आखाती युद्धात सौदीतील दम्मामला कामावर होतो. शेजारच्या धहरानच्या दिशेने इराकची स्कड क्षेपणास्त्रे यायची, तेव्हा अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांचाच आधार होता. २५ फेब्रुवारीला एक स्कड अमेरिकी बराकीवर पडले आणि २८ सैनिक गेले. कुणाकुणाची ती पोरं, परमुलखात मेली. म्हणून ही मैत्री तुटावी असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच दिवसांत आमचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे हमीदार मालकाच्या, कपाटात बंद होते, खिशात नुसता इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना. पगार थकला तरी दाद मागायची सोय नव्हती. कामगाराला अशा मालकाशी बांधणाऱ्या या कफाला पद्धतीचे नियम पुढे सैल झाले. कामगार संघटनांवरची बंदी मात्र उठलेली नाही.

१९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि सौदीचे राजे अब्दुलअझीझ ‘क्विन्सी’ या युद्धनौकेवर भेटले. तेव्हापासून हा व्यवहार राजवाडा आणि व्हाइट हाउस यांच्यातच चालत आला आहे. सौदी हस्तकांनी केलेल्या पत्रकार खशोगींच्या हत्येनंतर २०१९ मध्ये अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी येमेन युद्धात सौदीला होणारी मदत थांबवण्याचा ठराव केला, ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून तो रद्द केला. सौदीला वाळीत टाकण्याची भाषा करून निवडून आलेले बायडेन जुलै २०२२ मध्ये जेद्दाला गेले आणि ऑक्टोबरमध्ये सौदीसह तेल उत्पादक देशांनी दिवसाला २० लाख पिंपांची कपात जाहीर केली! लोकप्रतिनिधींना डावलून तत्त्वही राहिले नाही आणि तेलही मिळाले नाही.

राजाला सही करताना कुणाला विचारावे लागत नाही. अध्यक्षाची सही पुढचा अध्यक्ष फिरवू शकतो, हे रियाध ओळखून आहे. २०१९ मध्ये सौदीतील अबकैकच्या तेल प्रकल्पावर हल्ला झाला, तेव्हा अमेरिकेने लष्करी उत्तर दिले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदीने पाकिस्तानशी परस्पर संरक्षणाचा करार केला. आपल्यालाही यात स्वस्थ बसता येणार नाही, ते याचसाठी.

म्हणून हा करार रीतसर तह म्हणून सिनेटपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहापुढे, यावा. तिथे दोन तृतीयांश मते लागतात. ती मिळवायची तर खशोगींचा प्रश्न निघेल, तुरुंगात गेलेल्या लेखकांचा आणि स्त्रियांचा निघेल, परदेशी कामगारांचाही निघेल. सौदीलाही चार वर्षांनी सहजासहजी न बदलणारा शब्द मिळेल. आमच्याकडची मुले आजही जुबैल, रियाधला कामाला जातात, नर्सिंग शिकलेल्या मुलीही जातात. त्यांच्या बाजूचे प्रश्न आपल्या खासदारांनीही दिल्लीत विचारावेत, आणि आपल्या दैनिकाने ते लावून धरावेत, ही विनंती.

– एक वाचक, मिरज (जि. सांगली)